असं आणि असे

परवा कपाट आवरायला घेतलं आणि साहित्याच्या वर्गासाठी तीन वर्षांत लिहिलेल्या निबंधांचा गठ्ठा हाती लागला, एकूण सतरा, मग आवरणं राहिलं बाजूला आणि तिथेच फरशीवर फतकल मारून वाचत बसले.

पहिली शंका आली ती ही, की हे लिहिलंय कोणी? मी बोलताना 'असं', 'केलं' म्हणते, निबंधात सगळीकडे 'असे', 'केले'. औपचारिक लिहायचं तर ते चालायचंच म्हणा. पण डोक्यावरचा अनुस्वार जाऊन मात्रा आली की नुसतं व्याकरण बदलत नाही, कधीच कशाला न अडलेले कुणीतरी प्रौढ गृहस्थ बोलायला लागतात. या गृहस्थांना प्रत्येक कवितेत काही ना काही 'अधोरेखित' झालेलं दिसतं. मानवी मनाचे कंगोरे तर त्यांना जिथे तिथे सापडतात. शब्दमर्यादा भरत नसेल तर 'असे म्हटल्यास वावगे ठरू नये', पाच शब्द फुकटात. अशा भारदस्त वाक्यांशेजारी मॅडमनी समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय, "म्हणजे काय?" तेव्हा राग आला होता. आता मलाही सांगता येईना, म्हणजे काय ते.

एक आख्खा परिच्छेद तर तीन निबंधांत आहे, फक्त कवीचं नाव बदललेलं, आणि लाजेची गोष्ट म्हणजे तो तिन्हीकडे फिट बसतो. आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकाचा प्रयोग आम्हाला वर्गात शिकवला होता, केंब्रिजमधल्या विद्यार्थ्यांना त्याने १३ कविता कवींची नावं काढून वाचायला दिल्या, वाटेल ते लिहा म्हणाला आणि १९२९ मध्ये ते सगळं पुस्तकात छापलं. नावं काढली तर पोरांनी नावं ठेवली, अगदी जॉन डनसारख्या नावाजलेल्या इंग्रजी कवीच्या सुनीतालासुद्धा. तेव्हा आम्ही त्या पोरांना खूप हसलो होतो. पण त्यांनी निदान समोरच्या कवितेबद्दल लिहिलं, चूक का होईना. माझ्या परिच्छेदाला तर कवितेची गरजच नाही.

सतरांत एकच निबंध वेगळा निघाला. त्या कवितेत 'तरी' हा शब्द नेमका ओळ तुटते तिथे पडला होता. मागच्या शब्दाला जोडला तर 'तू तरी', म्हणजे बाकी कोणी येवो न येवो, निदान तू. पुढच्याला जोडला तर 'तरी ये', म्हणजे एवढं सगळं होऊन गेलं, तरीसुद्धा ये. एकात एकटेपण आहे, दुसऱ्यात भांडण मिटवणं आहे, आणि मी अख्खी चार पानं त्या दोन अक्षरांपाशी घुटमळत बसले होते, कधी इकडे कधी तिकडे, कवीचं चरित्र, कालखंड, प्रवाह वगैरे सगळं राहूनच गेलं. सतरांत सर्वात कमी मार्क याला. शेवटी शेरा, "निष्कर्ष?"

शेरा चूक नाही. निबंध शब्दातच बांधणं आहे, घट्ट गाठ मारून द्यायला हवी. पण मोंतेन या फ्रेंच लेखकाने १५८० मध्ये आपल्या लेखनाला 'एसे' म्हटलं तेव्हा फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होता प्रयत्न, करून बघणं. असाइनमेंट त्या भाषेत असती तर दोन मार्क वाढले असते का, कोण जाणे.

बाकीचे सोळा रद्दीत टाकले. तो एक परत वाचला आणि या वेळी वाटलं, 'तरी' पुढच्याच शब्दाचा, नक्की. गठ्ठ्याची सुतळी गुंडाळली, कपाट लावलं, झोपायला गेले, आणि दिवा बंद केल्यावर वाटलं, नाही, मागच्याचाच.