पाऊस शोधताना

किंडलवर वाचताना एखादी ओळ अधोरेखित केली, की ती ‘माय क्लिपिंग्ज’ नावाच्या साध्या फायलीत पुस्तकाचे नाव, तारीख आणि वेळ यांसह जाऊन बसते. टिपण्याचे कष्ट इतके कमी झाल्यामुळे आपण वाटेल ते टिपू लागतो, आणि थोड्याच दिवसांत त्या फायलीत कोणाच्या मृत्युलेखाला लागून पुरणाच्या आमटीचे प्रमाण येते. मी हा सगळा ऐवज ऑब्सिडियन नावाच्या टिपणवहीवजा सॉफ्टवेअरमध्ये आणून ठेवते, कारण तिथली टिपणे साध्या मजकुराच्या फायली म्हणून आपल्याच संगणकावर राहतात आणि उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडले तरी उघडता येतात.

आता वर्गवारीची गरज नाही, हवे ते शोधून काढता येते, असे सांगितले जाते. इंग्रजी टिपणांपुरते ते बरेचसे खरेही आहे. मराठीत मात्र ‘पाऊस’ शोधावा तर ‘पावसात’, ‘पावसाने’, ‘पावसाळी’ ही सगळी मंडळी दडी मारून बसतात. म्हणून नुसते ‘पावस’ टाकावे, तर ती मिळतात. पण खुद्द पाऊस निसटतो आणि वर रत्नागिरीजवळच्या पावस गावाची टिपणे हजर होतात! ‘दऱ्या’ची तऱ्हा आणखी निराळी आहे. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या संकेतपद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसले तरी शोधयंत्राला ते एक वाटतीलच असे नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान यांच्याकडे सुमारे ९०,००० चिठ्ठ्या होत्या. त्यांनी प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक दिला होता, एकीतून दुसरीकडे निर्देश केले होते, आणि शब्दसूचीत मात्र एकेका शब्दापुढे मोजकेच क्रमांक नोंदवले होते. त्यांची शिस्त मला झेपणारी नाही. तरीही प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर मूळ रूपातले दोन-तीन शब्द स्वतः लिहायचे, एवढे मी त्यांच्याकडून उचलले आहे. मजकुरात ‘पावसाची’ असो वा ‘सरींनी’, वर ‘पाऊस’ असतोच. हे शब्द ठरवताना ती ओळ पुन्हा वाचावी लागते, आपण ती का टिपली हे आठवावे लागते, आणि पुष्कळदा काहीच आठवत नाही. मग ते टिपण मी खुशाल पुसून टाकते.