गच्चीवरचा लेसर : आरसा काढून टाकल्यावर

गच्चीवर लेसरने प्रकाशाचा वेग मोजायचा खटाटोप चालू आहे. मागच्या नोंदीत आरसा होता, या वेळी नाही. नवीन मंडळींसाठी जुळणी थोडक्यात सांगतो. ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर डायोड १० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टल ऑसिलेटरवर चालू-बंद होतो, समोर प्रकाश टिपणारा एसएफएच २०३ फोटोडायोड आणि सिग्नल पडद्यावर दाखवणारा १०० मेगाहर्ट्झचा दोन चॅनलचा स्कोप (ऑसिलोस्कोप). आरसा हळूहळू १२ मीटर मागे नेला, प्रकाशाची वाट २४ मीटरने वाढली आणि ट्रेस, म्हणजे पडद्यावरची सिग्नलची रेघ, ८१ नॅनोसेकंद उजवीकडे सरकला. म्हणजे सेकंदाला साधारण २ लाख ९६ हजार किलोमीटर. चाळीसगावच्या मे महिन्यात, तापलेल्या गच्चीवर, एवढं जमलं तरी खूप.

पण हा आकडा जाऊन-येऊनचा आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ फिझोने १८४९ मध्ये ७२० दात्यांचं चाक फिरवून पॅरिसकडच्या सुरेन ते मोंमार्त्र या वाटेवर प्रकाशाचा वेग मोजला, तेव्हाही प्रकाश ८,६३३ मीटर जाऊन परतच आला होता. नुसत्या जाण्याचा वेग किती, हा आपल्या गटात नेहमी निघणारा प्रश्न. म्हटलं, करूनच बघू.

फोटोडायोड शेजारच्या काकूंच्या कठड्यावर नेला, लेसरपासून २४ मीटरवर. (“काय रे भाऊ, उजेड मोजी ऱ्हायना का?” असं विचारून त्यांनी वाळत घातलेले पापड सरकवून जागा दिली.) तिथला सिग्नल स्कोपपर्यंत आणायला २६ मीटर आरजी-५८ केबल. सलग लहर बंद करून सुटे पल्स सोडले, कारण १० मेगाहर्ट्झची लहर दर १०० नॅनोसेकंदांनी पुन्हा येते, एकूण उशीर त्यापुढे गेला की कुठलं शिखर कुठल्या लहरीचं तेच कळत नाही. ट्रेस आला २१२ नॅनोसेकंदांवर. त्यातून केबलचे १३१ वजा केले, उरले ८१. झालं, एकतर्फी वेग मिळाला!

आता ते १३१ कुठून आले ते बघा. केबलचं लांबचं टोक उघडं ठेवलं, स्कोपकडून पल्स सोडला. उघड्या टोकावरून प्रतिध्वनी सरळ येतो, टोक शॉर्ट केलं तर उलटा. त्यामुळे खरा प्रतिध्वनी कोणता ते लगेच ओळखू येतं. तो २६२ वर आला, त्याचे निम्मे १३१. हे ‘निम्मे’ कुणी ठरवलं? मीच. केबलमध्ये जाताना आणि येताना सारखाच वेळ लागतो असं धरलं, आणि जे शोधायचं होतं तेच हळूच आत घातलं. केबल गुंडाळून दोन्ही टोकं स्कोपला लावली तरी १३१च येतात, पण तोही बंद फेराच. उलगडून काकूंच्या गच्चीपर्यंत ताणल्यावर एका दिशेला तेवढेच लागतात याची हमी त्यातून मिळत नाही. प्रकाश तिकडे गेला, वीज इकडे आली. आरसा काढला तरी जाऊन-येऊनच मोजलं.

मग दोन घड्याळं? इथे आपली चाळीसगाव-धुळे लाइन घ्या, अंदाजे ५६ किलोमीटर. गाडी तासाभरात पोचते असं धरा. धुळ्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असेल तर जाताना ७० मिनिटं दिसतील, ताशी ४८. येताना ५० मिनिटं, ताशी ६७. चाळीसगावचं एकच घड्याळ बघणाऱ्याला मात्र जाऊन-येऊन एकूण दोन तासच दिसणार. गाडीच्या बाबतीत हा घोळ रेडिओवरून वेळ लावून सुटतो, कारण रेडिओ गाडीपेक्षा फार वेगवान. प्रकाशाच्या बाबतीत त्याच्यापुढे धावणारं काहीच नाही.

आइन्स्टाइनने १९०५ मध्ये म्हणूनच जाण्या-येण्याचा वेळ सारखा हे मोजून काढलं नाही, व्याख्या म्हणून मांडलं. पुढे तत्त्वज्ञ रायशेनबाखने दाखवलं की वाटणी निम्मी-निम्मी नसली तरी चालते; अगदी टोकाला जाऊन प्रकाश जाताना अर्ध्या वेगाने आणि येताना तत्क्षणी असं धरलं तरी आपल्या स्कोपवर एक नॅनोसेकंदही हलणार नाही.

जीपीएस मॉड्यूलच्या पीपीएस पल्सचा (दर सेकंदाला एक येणाऱ्या खुणेचा) पर्याय दोघा-तिघांनी सुचवला होता. तो मी करणार नाही. २४ मीटरला तो ढोबळ पडतो हा भाग वेगळा. उपग्रहांची घड्याळंच प्रकाशाचा वेग सर्व दिशांना सारखा धरून जुळवलेली असतात. त्यातून ‘सारखा’ हेच उत्तर निघणार. घड्याळ सावकाश उचलून नेलं तर? तीच जुळणी मिळते. दिशेनुसार वेग वेगळा धरला की चालत्या घड्याळाचं मागे पडणंही दिशेनुसार बदलतं, नेमकं फरक झाकण्याइतकं. खगोलशास्त्रज्ञ रोमरने १६७६ मध्ये गुरूच्या आयो चंद्राच्या ग्रहणांवरून काढलेला उशीर एकतर्फी वाटतो, पण तिथेही पृथ्वी आपलं घड्याळ घेऊन कक्षेत सावकाश फिरतच असते.

इथून जवळच पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’मध्ये चंद्रासाठी तात्कालिक, म्हणजे त्या क्षणाची, गती वापरायला सांगितली आहे, कारण आजच्या आणि उद्याच्या स्थानातला फरक त्याच्या बाबतीत फार ढोबळ होतो. कालांतर कितीही लहान करा, तिथे बघणारा एक आणि वेळ मोजण्याची जागाही एकच. माझी अडचण वेगळी आहे. अंतर भागिले वेळ यातला वेळ दोन गच्च्यांवरचा आहे, आणि त्या वजाबाकीआधी दोन्हीकडचा शून्य एकच, हे कुणीतरी ठरवावं लागतं.

पुढचं काम : तीन आरशांचा बंद त्रिकोण, तोही वातावरण थंड झाल्यावर, कारण दुपारी लेसरचा ठिपका फोटोडायोडवर ठरतच नाही. बंद वाटेला एकच घड्याळ पुरतं. कुणाकडे पुढच्या पृष्ठभागावर मुलामा असलेले आरसे पडून असतील तर सांगा. बाथरूमच्या आरशाचे दोन-दोन ठिपके येतात.