चोरल नोंदी: खळाळ ४१, डबकं ४२

इंदूरहून सिमरोळ ओलांडून घाट उतरला की लागणाऱ्या चोरल नदीतल्या एकाच टप्प्यातल्या पाणकिड्यांचे नोव्हेंबर आणि मे असे दोन नमुने अखेर ओळखून झाले. हिशेब नेहमीच्या बीएमडब्ल्यूपी तक्त्याने, म्हणजे किड्यांच्या कुटुंबागणिक गुण देऊन: घाण न सोसणाऱ्यांना जास्त, सोसणाऱ्यांना कमी. बेरजेला कुटुंबांच्या संख्येने भागलं की सरासरी.

नोव्हेंबरात पाणी दगडांवरून खळाळत होतं. त्यात मेफ्लाय या पाणकिड्यांची हेप्टाजेनिइडी आणि लेप्टोफ्लेबिइडी (प्रत्येकी १०), बेटिडी (४), जाळं विणणाऱ्या कॅडिस माश्यांच्या अळ्या म्हणजे हायड्रोसायकिडी (५), काळ्या माश्यांच्या अळ्या (५), एल्मिडी भुंगे (५) आणि डासांसारख्या माश्यांच्या अळ्या, कायरोनोमिडी (२). एकूण ४१, सरासरी ५.९. स्वच्छ वाहत्या पाण्यातला स्टोनफ्लाय किडा काही सापडला नाही.

मे महिन्यात त्याच जागी नुसती डबकी उरली. बेटिडी ४, मेफ्लायचंच केनिडी ७, चतुरांची लिबेल्युलिडी ८, टाचण्यांची सिनाग्रिइडी ६, पाण्यातले ढेकूण कोरिक्सिडी आणि नोटोनेक्टिडी पाच-पाच, पाणभुंगे डायटिसिडी ५, कायरोनोमिडी २. एकूण ४२! गुण एकने वाढले आणि वाहत्या पाण्याची वस्ती जवळजवळ सगळी गेली. सरासरी ५.३ वर आली, तेवढीच काय ती चाहूल.

दोन्ही यादीत असलेलं बेटिडी सगळ्यात गमतीचं. नोव्हेंबरात ते बेटिस या वंशाच्या वळणाचे होते: त्यांचे गिल (कल्ले) स्वतः पाणी खेळवू शकत नाहीत, प्रवाहाने ऑक्सिजन आणून द्यावा लागतो. मेमधले क्लोएऑन वंशातले जोडपाकळ्यांचे गिल हलवून स्थिर पाण्यातही भागवतात. शिवाय २० अंशाला पाण्यात लिटरमागे साधारण ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच (समुद्रसपाटीचा हिशेब). तक्त्याला मात्र दोघेही सारखेच, चार गुण. मुळात तो १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या नद्यांसाठी बेतला गेला. कोमट डबक्यात सुखाने नांदणाऱ्या आपल्या चतुरांना तो आठ गुण देतो, त्यातून दुसरं काय निघणार?

म्हणून मेच्या सरासरीवरून चोरल ‘बिघडली’ असं मी म्हणणार नाही. वाहणं थांबलं, एवढंच. बिघडलेलं पाणी बघायचं तर इंदूर शहरातली खान नदी आहेच. तिथे काळ्या गाळात लाल कायरोनोमिड (हिमोग्लोबिनच्या जोरावर तगतात) आणि ट्युबिफेक्ससारखे कृमी: गुण दोन आणि एक, सरासरी दीड. श्वासनळी वर काढून तरंगणाऱ्या उंदीरशेपट्या अळ्याही होत्या, पण मूळ तक्त्यात त्यांना जागाच नाही. शिवाय हे चित्र हिवाळ्यातही हलत नाही. माझ्या लेखी ऋतू आणि सांडपाणी यांतला फरक इथेच कळतो.

यापुढे गुणांच्या शेजारी प्रवाहाशिवाय न जगणाऱ्या किड्यांचा वाटा वेगळ्या रकान्यात लिहिणार, आणि बेटिडी शक्यतो कुटुंबाच्या पुढे वंशापर्यंत ओळखणार. गिलच्या पाकळ्या अल्कोहोलमध्ये गळून पडतात, तेव्हा फोटो जिवंतपणीच काढा. पहिल्या पुरात तळ ढवळला जातो, तो सावरू देऊन मगच जाळी घालेन. चोरल बडवाहजवळ नर्मदेला मिळते. तिकडे कोणी असेल तर खळाळातच, डोहात नव्हे, ५०० मायक्रॉनच्या जाळीने ३ मिनिटांचा किक (पायाने तळ ढवळून सुटलेले किडे जाळीत धरणं) घेऊन यादी कळवा. नुसती बेरीज पाठवू नका, नावं हवीत.