सायाळीचा घास

अमृत महोत्सवाचं पत्र आलं आणि दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. शाळेच्या प्रगतीवर चार शब्द लिहा, असं त्यात म्हटलं आहे. ते कुणीतरी लिहीलच. मला बाईंवर लिहायचं आहे. शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण कुणी नुसतं 'बाई आल्या' म्हटलं की विज्ञानाच्या बाई, हे सगळ्यांना कळायचं.

जानेवारी १९८४. संक्रांत नुकतीच झालेली. आठवी 'ब'ची सहल नागझिरा अभयारण्यात निघाली. पहाटे पाचला पटांगणातल्या चिंचेखाली एसटी उभी, आणि आम्ही कानटोप्या घालून कुडकुडत. नागझिरा तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. गोंदिया वेगळा व्हायला अजून १५ वर्षं होती. कारध्याच्या पुलावर वैनगंगा दिसली तेव्हा उजाडलं, आणि साकोली येईस्तोवर निम्म्या वर्गाच्या तिखट-मिठाच्या पुऱ्या संपल्या होत्या.

सगळ्यांना वाघ पाहायचा होता. बाईंनी आधी ऐनाच्या झाडापाशी नेऊन सालीवर तळहात ठेवायला लावला. मगरीच्या पाठीसारखी खवल्याखवल्यांची साल. मग तलावाकाठी वीस मिनिटं तोंड न उघडता बसवलं. वर वानरं पाला खुडत होती, अर्धामुर्धा खाऊन खाली टाकत होती, आणि तो चितळं वेचत होती. बाई बोलल्या नाहीत, नुसतं बोट दाखवलं. एवढ्यात शेंड्यावरचं एक वानर खकारलं आणि खालच्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. वाघ दिसला नाही. पण त्याला आधी कोण बघतं आणि कुणाला सांगतं, ते त्या दिवशी समजलं.

परत निघताना मला पाचोळ्यात चितळाचं गळालेलं शिंग सापडलं. वीतभर तुकडा. मी तो स्वेटरच्या आत घातला. गाडी सुरू झाली होती. बाईंनी माझ्या पोटाकडे पाहिलं, गाडी थांबवली आणि मला घेऊन खाली उतरल्या. सोबतचा वनमजूर म्हणाला, "जाऊ द्या न जी बाई, पोरगं आहे."

बाईंनी शिंग हातात घेऊन उन्हात धरलं. टोकाजवळ पटाशीनं तासल्यासारखे बारीक, समांतर चरे होते.

"हे काय आहे सांग?"

मला येईना.

"सायाळीचे दात. तिला हाडामासाला जे लागतं ते पाल्यात पुरेसं मिळत नाही, म्हणून ती शिंग कुरतडते. अर्धं खाऊन ठेवलंय तिनं. तू तिच्या ताटातलं उचललंस."

कायद्यानं ते सरकारजमा आहे, हे त्यांना ठाऊक असणारच. पण त्या कायद्याचं काही बोलल्या नाहीत. जिथून उचललं तिथंच मला ते ठेवायला लावलं. गाडीत पोरांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "एक वस्तू विसरली होती." बस, तेवढंच. वर्गातही पुन्हा कधी विषय काढला नाही.

पुढे मी नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. तीस वर्षं खेड्यापाड्यांत गुरांवर उपचार करतो आहे. गाय हाडं चघळते, चिंध्या खाते, अशी तक्रार घेऊन शेतकरी येतो. तिला बाहेरचं काही झालं म्हणून अंगारा लावून आलेला असतो. फॉस्फरस कमी पडलंय, हे समजावताना मी अजून सायाळीपासूनच सुरुवात करतो.

गेल्या हिवाळ्यात मुलीला घेऊन नागझिऱ्याला गेलो. २०१३ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. जिप्सीतून उतरायचं नसतं, आणि ते योग्यच आहे. पण वाघ नाही म्हटल्यावर बाकीच्यांनी गाडी एका जागी पाच मिनिटंही थांबू दिली नाही. ऐनाच्या सालीला हात लावायचा राहूनच गेला, याचं फार वाईट वाटलं.

पटांगणातली चिंच आता नाही. बाईही नाहीत. त्यांना मी कधी काही बोललो नाही, ते इथे लिहितो आहे. नव्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव द्यावं, ही समितीला हात जोडून विनंती. आतल्या कपाटांचा आणि सूक्ष्मदर्शकांचा खर्च माझ्याकडे.