टेस्लाचे अंडे आणि हैतीच्या दालनातील पुस्तिका

इंडक्शन मोटरचा धडा मी दर वर्षी एका अंड्यापासून सुरू करते. लोखंडी कड्याभोवती गुंडाळलेल्या वेटोळ्यांतून दोन फेजचा, म्हणजे एकमेकांच्या मागेपुढे चढउतार होणारा, प्रवाह सोडला की वरच्या थाळीत आडवे पडलेले तांब्याचे अंडे आधी डगमगते, मग गरगर फिरू लागते आणि पुरेसा वेग आला की टोकावर ताठ उभे राहते. अंड्याला कुठलीही तार जोडलेली नसते. खालचे फिरते चुंबकीय क्षेत्र त्याला आपल्याबरोबर ओढून नेते, आणि मोटरच्या रोटरमध्येही, म्हणजे तिच्या फिरणाऱ्या भागातही, नेमके हेच घडते. निकोला टेस्लाचा हा प्रयोग १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडलेला होता. कोलंबस अमेरिकेला पोहोचल्याला ४०० वर्षे झाल्याच्या निमित्ताने ते प्रदर्शन भरले होते आणि अंडे टोकावर उभे करून दाखवल्याची दंतकथाही कोलंबसाचीच, म्हणून या अंड्याला नावही त्याचेच मिळाले.

मुलांना ही गोष्ट आवडते. मलाही ती फार आवडते, आणि म्हणूनच ती मी इतकी वर्षे अर्धीच सांगत आले याची खंत वाटते. उरलेली अर्धी इथे लिहून ठेवते आहे.

विजेची बाजू खरोखरच मोठी होती. प्रदर्शनाच्या दिवाबत्तीचे कंत्राट जनरल इलेक्ट्रिकपेक्षा कितीतरी कमी, म्हणजे सुमारे चार लाख डॉलरची बोली लावून वेस्टिंगहाउसने मिळवले. एडिसनच्या दिव्याचे पेटंट आड येत असल्यामुळे त्यांना बूच बसवलेला, दोन भागांचा वेगळाच दिवा घाईघाईने तयार करावा लागला. तरीही प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या (एसी), प्रवाहावर एवढे मोठे आवार सहा महिने उजळत राहिले, आणि प्रदर्शन संपता संपता नायगारा धबधब्यावरच्या जनित्रांचे कामही याच कंपनीला मिळाले. आज आपल्या घरात येणारी वीज त्याच वाटेने आलेली आहे. जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी बनवलेले भांडी घासण्याचे यंत्र तिथल्या उपाहारगृहांत वापरले जात होते. सरकता रस्ता होता. आणि जत्रेत आपण सगळेच ज्यात बसलो आहोत त्या आकाशपाळण्याचा विराट पोलादी अवतार होता. हाताने फिरवायचे लाकडी पाळणे आपल्याकडे आणि इतरत्र आधीपासून होतेच, परंतु जॉर्ज फेरिस या पूल बांधणीतल्या अभियंत्याने २६४ फूट उंचीचे चाक उभे केले, त्याला ३६ डबे लावले आणि एकेका डब्यात ६० माणसे बसवली. तिकीट ५० सेंट, म्हणजे प्रदर्शनाच्या प्रवेशशुल्काइतकेच होते. त्यानंतर तीनच वर्षांनी, वयाच्या ३७ व्या वर्षी फेरिस विषमज्वराने वारला, आणि ते चाक १९०६ मध्ये सेंट लुइस येथे सुरुंग लावून पाडण्यात आले.

मुख्य चौकातल्या भव्य इमारती संगमरवराच्या वाटत. त्यांच्यामुळेच या आवाराला ‘पांढरे शहर’ म्हणत. प्रत्यक्षात ते प्लास्टरमध्ये तागासारखे तंतू कालवून सांगाड्यावर चढवलेले कवच होते आणि त्यावर पांढरा रंग फवारलेला होता. तात्पुरत्या बांधकामासाठी हे योग्यच होते, त्यात फसवणूक नव्हती. मात्र एका इमारतीपाशी मी थबकते. महिलांच्या दालनाचा आराखडा सोफिया हेडन या अवघ्या विशीतल्या स्थापत्यविशारद तरुणीने केला. इतर इमारतींच्या पुरुष वास्तुविशारदांना जे मानधन मिळाले त्याच्या सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे हजार डॉलर, तिच्या हाती पडले. वरून होणाऱ्या ढवळाढवळीने ती पार थकून गेली, आणि नंतर तिच्या हातून दुसरी मोठी इमारत झाली नाही.

या प्रदर्शनाची काळी बाजू म्हटली की बहुतेक जण एच. एच. होम्स या खुन्याची कहाणी सांगू लागतात. तो शिकागोत होता, खुनी होता आणि १८९६ मध्ये फिलाडेल्फियात फासावर गेला, एवढे खरे. परंतु त्याच्यावर सिद्ध झालेला खून एकच होता आणि त्याच्या इमारतीचे, म्हणजे तथाकथित ‘मृत्युमहाला’चे, वर्णन वृत्तपत्रांनी भरपूर फुगवलेले होते. मला ही कहाणी सोयीची वाटते, कारण तीत सगळा दोष एका विकृत माणसावर ढकलून मोकळे होता येते. जे राजरोस, तिकीट लावून आणि विद्वानांच्या संमतीने चालले होते, ते त्यामुळे झाकले जाते.

मुख्य आवाराला लागून सुमारे मैलभर लांबीचा मिडवे प्लेझन्स नावाचा पट्टा होता. आकाशपाळणा तिथेच होता आणि माणसांची ‘गावे’ही तिथेच होती. कागदोपत्री हा पट्टा प्रदर्शनाच्या मानववंशशास्त्र विभागाच्या अखत्यारीत होता, प्रत्यक्षात तो करमणुकीचा बाजार होता. पश्चिम आफ्रिकेतील डाहोमीचे स्त्री-पुरुष तिथे झोपड्या उभारून दिवसभर लोकांच्या नजरेसमोर वावरत होते, नाचत होते, आणि त्याच सुमारास फ्रान्सची फौज डाहोमीचे राज्य जिंकून घेत होती. उत्तरेकडच्या थंड लॅब्राडोरहून आणलेल्या इनुइट या आदिवासी कुटुंबांवर हवा तापू लागल्यावरही कातड्याचे पोशाख घालण्याची सक्ती झाली, तेव्हा त्यांच्यातील अनेकांनी काम सोडले आणि कुंपणाबाहेर स्वतःचा वेगळा तळ मांडला. पलीकडे मानववंशशास्त्राच्या इमारतीत अमेरिकन विद्यार्थी आणि विद्यार्थिनीचे ‘नमुनेदार’ पुतळे उभे होते आणि प्रेक्षकांना आपली मापे घेऊन त्यांच्याशी ताडून पाहता येत होती. कोणी मापायचे आणि कोणाला मापायचे, कोणी पाहायचे आणि कोणाला पाहायचे, हे त्या आवारात पाऊल टाकण्यापूर्वीच ठरलेले होते. तिथल्या मोजमापाच्या कामात फ्रान्झ बोआस हा तरुण शास्त्रज्ञ होता. वंशांच्या उतरंडीची ही कल्पना पुढे सर्वांत नेटाने खोडून काढली ती त्यानेच, हे आवर्जून सांगायला हवे.

ज्या जमिनीवर शिकागो वसले ती १८३३ च्या तहाने पोटावाटोमी या मूळ रहिवासी लोकांकडून घेतलेली होती. त्यांचे नेते सायमन पोकागॉन यांची भूर्जाच्या सालीवर छापलेली छोटी पुस्तिका प्रदर्शनाच्या काळात विकली जात होती. अमेरिकेच्या शोधाचा उत्सव करणे म्हणजे आम्ही आमचीच अंत्ययात्रा साजरी करण्यासारखे आहे, अशा आशयाचे त्यांचे शब्द आहेत. वरची फिरत्या अंड्याची गोष्ट आणि हे शब्द एकाच नावाभोवती, कोलंबसाच्या नावाभोवती, गुंफलेले आहेत.

ज्यांना बोलावलेच नाही त्यांची गोष्ट त्याहून वेगळी. गुलामगिरी संपून तीस वर्षेही झाली नव्हती. कृष्णवर्णीय अमेरिकनांना आयोजनात स्थान नव्हते आणि त्यांच्या कर्तृत्वाचे वेगळे दालनही नव्हते. गुलामगिरीविरुद्ध लढलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस हे पूर्वी हैतीतील अमेरिकेचे राजदूत होते, म्हणून हैतीने आपल्या दालनाची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली. गुलामांनी बंड करून मिळवलेल्या त्या देशाच्या छपराखालीच त्यांना बसायला जागा मिळाली. आयडा बी. वेल्स ही ३१ वर्षांची पत्रकार तिथे येऊन बसू लागली. झुंडीने केलेल्या हत्यांविरुद्ध लिहिल्याबद्दल मेम्फिसमधील तिच्या वृत्तपत्राची कचेरी आदल्याच वर्षी उद्ध्वस्त करण्यात आली होती. कृष्णवर्णीय अमेरिकन या प्रदर्शनात का नाहीत, याचे उत्तर देणारी पुस्तिका तिने डग्लस, फर्डिनंड बार्नेट आणि गार्लंड पेन यांच्यासह तयार केली, परदेशी पाहुण्यांसाठी तिची प्रस्तावना फ्रेंच आणि जर्मन भाषांतही दिली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातात ती देत राहिली. आत झुंडबळींची आकडेवारी होती, कैद्यांना मजूर म्हणून भाड्याने देण्याच्या पद्धतीची माहिती होती.

आयोजकांनी २५ ऑगस्ट हा एक दिवस कृष्णवर्णीयांसाठी म्हणून जाहीर केला, तेव्हा ही दोघेही एकमताची नव्हती. वेल्सला तो अपमान वाटला आणि ती गेली नाही. डग्लस गेले. श्रोत्यांतून टवाळी सुरू झाल्यावर त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला आणि निग्रोंचा प्रश्न असा काही नाहीच, अमेरिकन लोक आपल्या राज्यघटनेला जागतात की नाही हाच प्रश्न आहे, असे त्यांनी खड्या आवाजात सुनावले. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत ते वाचून वेल्सने त्यांच्याकडे जाऊन क्षमा मागितली.

आपल्याकडे १८९३ चे शिकागो म्हणजे सर्वधर्मपरिषद, आणि ते स्वाभाविकही आहे. स्वामी विवेकानंद ३१ मे रोजी मुंबईहूनच निघाले होते. ११ सप्टेंबरपासून भरलेल्या त्या परिषदेत मुंबईचे बी. बी. नगरकर ब्राह्मो समाजाच्या वतीने हिंदुस्थानातील समाजसुधारणेवर बोलले, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. ती परिषद मुख्य आवारापासून काही मैल दूर, मिशिगन ॲव्हेन्यूवर भरली होती. पारतंत्र्यातील देशाची माणसे तिथे व्यासपीठावर उभी राहून आपले म्हणणे आपल्या तोंडाने मांडत होती, आणि डाहोमीच्या माणसांना ती मुभा नव्हती. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

शेवट उदास झाला. १० जुलैला शीतगृहाच्या मनोऱ्याला लागलेल्या आगीत बारा अग्निशामक जवान गेले होतेच. समारोपाला दोन दिवस उरले असताना महापौर कार्टर हॅरिसन यांचा त्यांच्याच घरी खून झाला आणि समारोपाचा सोहळा रद्द करावा लागला. त्या हिवाळ्यात मंदीने बेघर झालेली माणसे ओस पडलेल्या दालनांत आसऱ्याला आली, आणि १८९४ च्या जुलैत, रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कारखान्याचा संप चालू असताना, पांढऱ्या शहराचा मोठा भाग जळून गेला.

वेल्स मात्र शिकागोतच राहिली. पुस्तिकेतील सहलेखक बार्नेट यांच्याशी तिने १८९५ मध्ये विवाह केला आणि अखेरपर्यंत ती त्याच शहरात लिहीत राहिली. २०१९ मध्ये शहराच्या मध्यातल्या काँग्रेस पार्कवेला तिचे नाव देण्यात आले. यंदा अंडे टोकावर उभे राहिले की मी फळ्यावर टेस्लाच्या नावाशेजारी तिचेही नाव लिहिणार आहे.