तुम्ही विचारलंत म्हणून: अन्नाला सूट आहे, मग केळीचे पैसे का अडकतात?

रावेर-यावलकडचे केळी उत्पादक हे हमखास विचारतात. इराणवर अमेरिकेचे निर्बंध आहेत, पण अन्न आणि औषधं त्यातून वगळली आहेत, असं अमेरिकेचे नेते सांगतात. मग इराणला माल पाठवणारा व्यापारी पैसे अडकल्याचं का सांगतो?

सूट मालाला आहे. पैसा ज्या वाटेने यायचा, ती वाट बंद आहे. फण्या कापल्या, चीक धुतला, 13 किलोची खोकी भरली, रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर 13-14 अंशांवर लावून न्हावाशेवाहून इराणच्या बंदर अब्बासला रवाना केला. इथवर कायद्याची आडकाठी नाही. पण जहाज कंपनी लागते, विमा लागतो, दोन्हीकडच्या बँका लागतात. नोव्हेंबर 2018 मध्ये इराणच्या अनेक बँका स्विफ्टमधून, म्हणजे जगभरच्या बँका पैशांचे निरोप ज्यावर पाठवतात त्या जाळ्यातून, तोडल्या गेल्या. त्याआधी 2014 मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला अमेरिकेचे निर्बंध मोडल्याबद्दल सुमारे 890 कोटी डॉलर भरावे लागले होते. आता चार कंटेनरांच्या कमिशनसाठी ती जोखीम कोण घेणार? बँक सरळ नाही म्हणते. तोवर माल कुठे खोळंबला आणि रीफर बिघडला, तर गारठ्याने साल काळवंडते, नाहीतर उष्णतेने केळी वाटेतच पिकते.

भारताने तोडगा काढला होता. इराणच्या तेलाचे रुपये युको बँकेत जमा व्हायचे, त्यातून आपल्या निर्यातदारांना मिळायचे. मे 2019 मध्ये अमेरिकेने इराणचं तेल घेण्याची सवलत संपवली, भारताने खरेदी थांबवली आणि खात्यातली भर आटली. अन्नाची सूट कागदावर होती तशीच राहिली.

केळीचं नुकसान भरून निघेल. एपिडर्मोलिसिस बुलोसा झालेल्या इराणी मुलांचं तसं नाही. या आजारात कातडी घासली तरी फोड येतात. साधी पट्टी जखमेला चिकटते आणि काढताना कातडी सोलून निघते, म्हणून न चिकटणारी सिलिकॉन फोमची पट्टी लागते. ती बनवणाऱ्या युरोपीय कंपनीने निर्बंधांमुळे इराणला पुरवठा थांबवला. पट्टीवर बंदी नव्हतीच.

नोव्हेंबर 2018 मध्येच अमेरिकेचे इराणविषयक प्रतिनिधी ब्रायन हूक म्हणाले की सुरक्षित मार्ग शोधून देण्याचं ओझं अमेरिकेवर नाही. मला सर्वांत जास्त राग याचा येतो. वाट यांनीच अडवली, आणि शोधायची मात्र आजारी पोराच्या बापाने. हे नकळत घडलं असंही म्हणता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या इराकवरच्या 1990 च्या निर्बंध-ठरावातही औषधांना, आणि माणुसकीच्या गरजेपुरती अन्नालाही, सूट होती, तरी ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ योजनेतलं पहिलं धान्य पोचायला 1997 चा मार्च उजाडला.

म्हणून कुणी नेता ‘सूट आहे’ म्हणाला, की त्याला एवढंच विचारा: पैसे कोणत्या बँकेतून येणार? त्या बँकेला दंड होणार नाही अशी लेखी हमी कोणी दिली? आणि ती किती दिवसांची? सीरियातल्या फेब्रुवारी 2023 च्या भूकंपानंतर मदतीसाठी अमेरिकेने दिलेली मोकळीक 180 दिवसांची होती.