डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेलं, त्याचा अनुभव

रजिस्ट्रार, म्हणजे साइटच्या नावाची (डोमेनची) नोंदणी करून देणारी कंपनी, बदलायचं बरेच दिवस डोक्यात होतं पण कोण त्या भानगडीत पडणार म्हणून ढकलत होतो, शेवटी यंदाचं रिन्यूअलचं बिल बघितलं आणि म्हटलं आता बास. पहिल्या वर्षी जवळजवळ फुकटात दिलेलं डोमेन, नंतर दरवर्षी रक्कम वाढतीच, आणि वर प्रायव्हसीचे, म्हणजे मालकाचं नाव-पत्ता लपवायचे, वेगळे पैसे. हे प्रायव्हसीचं तर मला पटतच नाही, कारण 2018 मधे युरोपचा जीडीपीआर हा खाजगी माहितीचा कायदा आल्यापासून पब्लिक रेकॉर्डमधे नाव-पत्ता बऱ्याच ठिकाणी तसाही झाकलेलाच असतो.

आता नवीन कोण घ्यायचा? डॉट कॉमची खरी वही व्हेरीसाइन या कंपनीकडे असते, रजिस्ट्रार फक्त त्यात आपली नोंद करून देतो आणि राखतो. म्हणजे कुठूनही घ्या, नाव तेच. फरक पडतो तो रिन्यूअलच्या भावात, सपोर्टमधे आणि उद्या सोडून जायचं म्हटलं तर किती छळतील त्यात. त्यामुळे मी पहिल्या वर्षाची ऑफर बघितलीच नाही, सरळ रिन्यूअल आणि ट्रान्सफरच्या किमतीचं पान उघडायचं, ते पटकन सापडलं नाही तर तो रजिस्ट्रार बाद. टू फॅक्टर लॉगिन नसेल तरी बाद. शिवाय आयकॅन (डोमेनचे नियम ठरवणारी संस्था) च्या लुकअपवर खरा रजिस्ट्रार कोण ते दिसतं, तिथे बघितलं तर विकणारे बरेच जण नुसते रिसेलर निघतात, त्यात वाईट काही नाही पण अडचण आली की मधे एक माणूस जास्त.

क्लाउडफ्लेअरचा विचार बराच केला, ते वरचा नफा न लावता मूळ भावात देतात, पण साध्या प्लॅनवर नेमसर्व्हर त्यांचेच वापरावे लागतात आणि मला डीएनएस (नावावरून साइट आणि मेल कुठे आहे ते सांगणारी यादी, जी नेमसर्व्हरवर असते) वेगळीकडे ठेवायचा होता. म्हणून मग दुसरा निवडला, नाव मुद्दाम सांगत नाही, उगाच जाहिरात वाटेल.

खरं काम ट्रान्सफरचं नाही, त्याच्या आधीचं आहे. माझा डीएनएस जुन्या रजिस्ट्रारकडेच होता, आणि डोमेन गेलं की काही जण डीएनएसही बंद करतात, मग साइट जाते ती जाते पण ईमेलही जातं आणि ट्रान्सफरच्या मंजुरीचं पत्र त्याच ईमेलवर येणार असेल तर झालंच कल्याण! म्हणून आधी खात्याचा संपर्क ईमेल दुसऱ्या डोमेनवरचा केला का, तर नाही, तो पहिल्यापासूनच दुसऱ्या डोमेनवरचा आहे आणि तसाच राहू दिला, कारण नोंदणीतलं मालकाचं नाव किंवा ईमेल बदललं की 60 दिवसांचं लॉक लागू शकतं, म्हणजे तोवर ट्रान्सफर बंद. नवीन नोंदणी किंवा नुकतीच ट्रान्सफर झाली असेल तरी 60 दिवस थांबावं लागतं.

मग डीएनएसमधले सगळे रेकॉर्ड उतरवून घेतले, मेलसाठीचे एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएम, कधीतरी कुठल्यातरी व्हेरिफिकेशनसाठी टाकलेले टीएक्सटी, सगळं नवीन डीएनएसवर भरलं. डीएनएसएसईसी (डीएनएसची उत्तरं खरी आहेत हे सहीने तपासायची सोय) चालू होतं, त्याचा डीएस रेकॉर्ड आधी काढला, टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरांकडे साठून राहायची मुदत, संपेपर्यंत थांबलो, मगच नेमसर्व्हर बदलले. ही पायरी कुणी सांगत नाही, आणि इथे घाई केली तर ही सही चेक करणाऱ्या रिझॉल्व्हरवर (नाव शोधून देणाऱ्या सर्व्हरवर) साइट उघडतच नाही. मेल नीट येतायत बघून मग पुढे गेलो.

डोमेन हलू न देणारं लॉक काढायचं बटण सापडलं पण ऑथ कोड, म्हणजे ट्रान्सफरसाठी लागणारा पासवर्ड, मात्र कुठे दिसेना, सपोर्टला विचारलं तर आधी सवलत देऊ केली, मग का जाताय, मग परत सवलत. आयकॅनच्या नियमाने मागितल्यावर कोड 5 दिवसांच्या आत द्यावा लागतो, तेवढं एक वाक्य लिहिलं आणि कोड आला. नवीनकडे तो टाकून पैसे भरले. हे पैसे वाया जात नाहीत, डॉट कॉमला ट्रान्सफरसोबत मुदतीत एक वर्ष वाढतं, फक्त एकूण 10 वर्षांच्या पुढे नेता येत नाही. जुन्याकडून "खरंच जायचंय का" असा मेल येतो, त्यात मंजुरीची लिंक असेल तर लगेच होऊन जातं, नाहीतर 5 दिवस गप्प बसलं की आपोआप होतं.

मुदत संपायला वेळ असतानाच हे केलं ते बरं. ऑटो रिन्यू होऊन गेल्यावर 45 दिवसांच्या आत हलवलं तर जुन्याकडे भरलेल्या वर्षावर पाणी सोडावं लागू शकतं, आणि डिलीट होऊन रिडेम्प्शनमधे (परत मिळवायच्या शेवटच्या मुदतीत) गेलं तर तिथे 30 दिवस सोडवायला मिळतात पण दंड जबरी.

एक डॉट यूके नाव अजून जुन्याकडेच आहे, ते पुढच्या आठवड्यात हलवतो आणि मग जुन्या खात्यातलं कार्ड काढून टाकतो.